ओसीडी-अँग्झायटीची थेरपी पहिल्यांदा घेताय? खेड्यातून येणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून सगळं

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावची. माझ्याकडे पहिल्यांदा येणारे लोक, मग ते आर्णी-घाटंजीचे असोत की पार रिसोडकडचे, जवळपास सारखेच प्रश्न विचारतात, म्हणून ते सगळं एका जागी लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही कोणाकडेही गेलात तरी समोरचा माणूस काय शिकलेला पाहिजे, तो काय करणार आहे अन् तुम्हाला स्वतःला काय करावं लागणार आहे हे आधीच माहीत राहील. यातली मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकते. ओसीडीमध्ये, म्हणजे नको तोच विचार परत परत येऊन तेच ते करत राहायच्या आजारात, "काही होत नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणणारा थेरपिस्ट त्या दिवशी फार बरा वाटतो, पण आजार कमी होतो तो भीतीसमोर थोडं थोडं उभं राहायला शिकवणाऱ्या थेरपीनं. निवड करताना हेच पाहायचं आहे.

खाली जी उदाहरणं आहेत ती कोण्या एका पेशंटची नाहीत, बऱ्याच जणांचं मिळून एक केलं आहे, त्यामुळे गावात कोणाचं असेल हे शोधत बसू नका.

पायरी १: आधी ओळखा

ओसीडीत दोन गोष्टी असतात. एक, नको असताना डोक्यात घुसणारा विचार, चित्र किंवा शंका, त्याला ऑब्सेशन म्हणतात. दुसरी, त्या विचारानं जी घालमेल होते ती शांत करायला माणूस जे परत परत करतो ते, म्हणजे धुणं, तपासणं, मोजणं, विचारणं, मनातल्या मनात नाव घेणं, याला कंपल्शन म्हणतात. दिवसातला तासाच्या वर वेळ यात जात असेल, किंवा वेळ कमी जात असला तरी त्याच्यानं काम, शाळा, संसार अडत असेल, तर दाखवायची वेळ झाली असं समजा.

आपल्याकडे हे कसं दिसते ते सांगते. रात्रीची लाइन असली की मोटारीचा स्टार्टर बंद केला की नाही म्हणून तीन-चारदा वावरात जाऊन येणारा माणूस. बाळंतपणानंतर पावशी (भाजी चिरायची विळी) पाहिली की "मी लेकराले काही करीन का" असा विचार येऊन पावशी शेजारणीकडे नेऊन ठेवणारी अन् कोणालाच न सांगणारी बाई. पारायणाला बसलं की महाराजांबद्दल घाण विचार येतात म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करणारे काका. दहावीचं पोरगं, एकच ओळ खोडून-खोडून वही फाडते, अन् घरचे म्हणतात अभ्यासात लक्ष नाही. बहुतेकांना हे पंचविशीच्या आत सुरू होते आणि दाखवायला येईपर्यंत वर्षं निघून जातात.

त्या पावशीवाल्या बाईसाठी थोडं थांबून लिहिते, कारण तिच्यासारख्या बाया सगळ्यात जास्त घाबरून येतात. असा विचार येणं आणि तसं करायची इच्छा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तिला तो विचार भयंकर वाटतो, म्हणूनच तो चिकटतो, लेकरावर जीव आहे म्हणूनच नेमका लेकराचाच विचार येतो. ओसीडी शिकलेला माणूस हे ऐकून दचकणार नाही अन् तुम्हाला गुन्हेगार ठरवणार नाही. सांगा, मोकळेपणानं सांगा. फक्त बाळंतपणानंतर बाईला आवाज ऐकू येत असतील, झोप पार उडाली असेल, ती असंबद्ध बोलत असेल, किंवा तो विचार तिला बरोबर वाटायला लागला असेल तर ते वेगळं आहे, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं अन् बाळाजवळ घरचं कोणी राहायचं.

माझ्या घरात माझी मोठाई होती. पहाटे चारला न्हाणीत जायची ते उजाडल्यावर यायची, उन्हाळ्यात गावात टँकर यायचा तरी. गाव तिला सोवळ्याची बाई म्हणून मान द्यायचं. ती आतून किती थकली होती हे कोणीच विचारलं नाही, अन् मी या शिक्षणाकडे वळले त्याचं मोठं कारण तीच. सोवळं पाळणारी बाई देवपूजा झाली की समाधानानं उठते, ओसीडीवाली उठते ती "नीट झालं की नाही" ही शंका घेऊनच. हा फरक घरात कोणाच्या बाबतीत दिसला तर कौतुक थांबवून विचारपूस करा.

अँग्झायटीचं, म्हणजे चिंतेच्या आजाराचं, रूप वेगळं. छातीत धडधड, हातपाय गार, "आता मरतो" असं वाटणं, हे दहा-पंधरा मिनिटांत चढते अन् उतरते, तो पॅनिक अटॅक. कर्ज, पाऊस, लेकीचं लग्न, सगळ्याची काळजी महिनोन् महिने डोक्यातून न जाणं, झोप न लागणं, मान-खांदे आखडणं, ती सततची चिंता. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटणं, ग्रामसभेत तोंड न उघडणं, ती लोकांची भीती. एकाच माणसाला दोन-दोन गोष्टी असू शकतात, आपणच नाव ठरवायची गरज नाही.

पायरी २: पहिल्यांदा कुठं जायचं

आधी एकदा साध्या डॉक्टरकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बीपी, अन् धडधड असेल तर ईसीजी करून घ्या. एकदा. रिपोर्ट चांगला आला तरी दर महिन्याला ईसीजी काढत असाल तर तो पण चिंतेचाच भाग झाला.

सरकारीमध्ये नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची मेडिकल कॉलेजं, शिवाय सरकारी नसलेली वर्ध्याकडची सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं, इथं मानसोपचार विभाग आहेत. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पण ओपीडी असते, नुसतं दाखवून घरी येता येते, तिथं गेलं म्हणजे भरतीच होते असं नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम बसते अन् बऱ्याच ठिकाणी ती ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पण येते, वार कोणता हे आशाताईला किंवा तिथल्या खिडकीवर विचारून जा म्हणजे फेरी वाया जात नाही. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढा एक आधार.

घरातून निघणंच होत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची फोनवरची मदत, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे ही सरकारी सेवा.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक घराला सांगते, कोणत्याही पायरीच्या आधी. पेशंटच्या तोंडून जगायचं नाही असं निघालं, किंवा तो एकदम गप्प झाला असेल, तर थेरपीची तारीख यायची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, एकटं सोडू नका, अन् घरातलं, कोठ्यातलं फवारणीचं औषध कुलपात टाका किंवा घराबाहेर दुसऱ्याकडे ठेवा. आपल्या भागात हे औषध हाताशी असणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे. मरायचा प्रयत्न केलेल्या माणसावर पोलिस केस होईल म्हणून लोक लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला त्रासात असलेला धरून उपचार द्यायचं ठरवलं आहे, त्याला शिक्षेची भीती दाखवू नका.

बाबा-भगताकडे जाऊन आलेल्यांना मी रागावत नाही, माणूस जिथं आशा दिसते तिथं जातोच. फक्त मारणं, चटके देणं, साखळीनं बांधणं हे चालू असेल तर लगेच घेऊन या, भूत उतरवायच्या नावाखाली असं करणं २०१३ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहे.

पायरी ३: थेरपिस्टची पार्श्वभूमी विचारा, लाजू नका

बियाणं घेताना आपण कंपनी, लॉट, बिल सगळं पाहतो अन् मनाच्या दवाखान्यात मात्र हात जोडून बसतो. विचारा. चांगल्या थेरपिस्टला याचा राग येत नाही, मला तर बरं वाटते.

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून मग मानसोपचारात एमडी किंवा डीएनबी वगैरे केलेले डॉक्टर, गोळ्या तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे सायकॉलॉजीत एमए केल्यावर दवाखान्यात राहून पुढचं शिक्षण घेतलेला माणूस. मी एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल केलं, त्यात वॉर्ड, ओपीडी, रोजच्या केसेस, वरचे लोक तपासणार, असं सगळं असते. या शिक्षणाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते अन् नोंदणी नंबर मिळतो, तो मागून घ्या. आम्ही गोळ्या लिहून देत नाही. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर, यात फार चांगली माणसं आहेत, मन मोकळं करायला, घरातला वाद सोडवायला त्यांची मोठी मदत होते, पण सहा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून बोर्ड लावणारे पण आहेत, म्हणून शिक्षण किती वर्षांचं अन् कुठं ते विचारायचंच.

नंबर-डिग्री पाहून झालं की खरा प्रश्न: "ओसीडीचे पेशंट तुम्ही पाहता का, अन् नेमकं काय करता?" उत्तरात एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी, हे नाव यायला पाहिजे, किंवा नाव नाही आलं तरी "भीती वाटते त्या गोष्टीजवळ हळूहळू जायचं अन् नंतरचं धुणं-तपासणं थांबवायचं" असं वर्णन तरी यायला पाहिजे. ही पद्धत काही काल-परवाची नाही. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटवर ती करून दाखवली, त्याच्या आधी ओसीडी जवळजवळ बराच होत नाही असं धरून चालायचे. आज जगभरात ओसीडीच्या थेरपीत पहिलं नाव हिचंच घेतात.

उलट उत्तर आलं, "फक्त पॉझिटिव्ह विचार करा", "विचार आला की मनगटावर रबर मारा", "लहानपणापासूनचं सगळं वर्ष-दोन वर्षं बोलू मग आपोआप जाईल", "तीन सेशनमध्ये गॅरंटी", तर ओसीडीसाठी दुसरीकडे पाहा. विचार दाबायला गेलं की तो आणखीन वर येतो हे ओसीडीवाल्या प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवानं माहीत आहे. लहानपणाबद्दल बोलणं वाईट नाही, काही जणांना लागतेच, पण त्याच्यानं हात धुणं थांबत नाही.

आणखी विचारा: फी किती, किती दिवसांनी यायचं, फोनवर होते का, घरच्यांना काय सांगणार. तुमची माहिती गुप्त ठेवणं त्याच २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळा सोडून. हे गावात फार महत्त्वाचं आहे कारण "दवाखान्यात कोण दिसलं" ही बातमी एसटी गावात पोचायच्या आधी पोचते.

पायरी ४: पहिल्या दोन-तीन भेटी

पहिल्या भेटीत मी जास्त ऐकते. कधी सुरू झालं, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय होते, काय टाळता, घरातलं कोण काय करून देते. मग एक प्रश्नावली भरून घेते, येल-ब्राउन स्केल, १९८९ पासून वापरात आहे, दहा प्रश्न, शून्य ते चाळीस मार्क. सोळापासून पुढं मध्यम, चोवीसपासून पुढं तीव्र. याचा फायदा असा की दोन महिन्यांनी पुन्हा भरली की फरक आकड्यात दिसतो, नाहीतर पेशंटला वाटते काहीच फरक नाही अन् घरच्यांना वाटते आता सोडून द्यावं.

येताना एक छोटी वही आणा. आठवडाभर तीनच गोष्टी लिहा: काय झालं, डोक्यात काय आलं, मी काय केलं. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा, माझ्याकडे बऱ्याच आज्या-मावश्या असंच करतात अन् लिहिणाऱ्यांपेक्षा चांगलं सांगतात. गुगलवर, यूट्यूबवर लक्षणं शोधत बसणं पण वहीत लिहा, तेही तपासणंच आहे.

मग मी चक्र समजावून सांगते. एकदा वावरात चरून गेलेली मोकाट गाय दुसऱ्या दिवशी त्याच धुऱ्यावर येऊन उभी राहते, चारा मिळाला होता म्हणून. शंका आली की हात धुतले, बरं वाटलं, म्हणजे शंकेला चारा मिळाला, ती पुन्हा येणार. आपल्याला तिला मारायचं नाही, चारा बंद करायचा आहे. हे समजलं की पुढचं अर्धं सोपं जाते.

पायरी ५: शिडी बनवणं अन् चढणं

हा सगळ्यात मोठा भाग, म्हणून सविस्तर सांगते.

समजा एक शेतकरी आहे, चाळिशीतला. २०१७ च्या फवारणीत आपल्या जिल्ह्यात विषबाधा होऊन माणसं मेली हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या ओळखीतलं कोणी गेलं, तेव्हापासून त्याला औषधाची धास्ती बसली. आता धास्ती चुकीची आहे का? नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या उलट दिशेनं न फवारणं, नंतर साबणानं आंघोळ, कपडे वेगळे धुणं, हे करायलाच पाहिजे अन् मी त्यातलं काहीच बंद करत नाही. पण हा माणूस फवारणी नसलेल्या दिवशी पण चार-चारदा आंघोळ करतो, लेकराला जवळ घेत नाही, कृषी केंद्राच्या रस्त्यानं जात नाही, बायकोला दाराची कडी पुसायला लावतो. सावधगिरी कुठं संपते अन् ओसीडी कुठं सुरू होते हे त्याच्यासोबत बसून ठरवायचं, शेजारचा काळजी घेणारा पण घाबरट नसलेला शेतकरी किती करतो हे माप धरायचं.

मग शिडी. भीतीला शून्य ते दहा मार्क द्यायचे. मोबाइलवर फवारणी पंपाचा फोटो पाहणं, दोन. कृषी केंद्रासमोरून चालत जाणं, तीन. आत जाऊन पाच मिनिटं उभं राहणं, पाच. धुऊन वाळलेल्या फवारणीच्या कपड्यांशेजारी खाटेवर बसणं, सहा. दाराच्या कडीला हात लावून अर्धा तास हात न धुणं, सात. त्याच हातानं भाकर खाणं, आठ. वावरातून आल्यावर, फवारणी नसलेल्या दिवशी, तसंच लेकराला मांडीवर घेणं, दहा. खऱ्या औषधाला उघड्या हातानं शिवायला कोणताही शहाणा थेरपिस्ट सांगत नाही, कोणी सांगितलं तर उठून या.

सुरुवात तीन-चारपासून करतो, दहापासून नाही. पहिल्यांदा मी सोबत असते, बरेचदा आधी मीच करून दाखवते. हात लावला, मग थांबायचं. दर पाच मिनिटांनी विचारते, किती? सात, आठ, आठ, सात, सहा. बऱ्याच वेळा भीती बसल्या-बसल्या उतरते. कधी नाही पण उतरत, तरी ती वेळ वाया गेली असं नाही, कारण शिकायचं हे आहे की घालमेल असताना पण मी राहू शकतो, अन् ज्याची भीती होती ते झालं नाही. या वेळी मी "काही होणार नाही" असं म्हणत नाही. पेशंट विचारतात, "मॅडम, नक्की न?" मी म्हणते, "शंभर टक्के नक्की मलापण सांगता येत नाही, आपण थांबून पाहू." हे कठोर वाटते, मला माहीत आहे, पण मी खात्री दिली तर उद्या ते खात्रीसाठी मला फोन करतील, अन् मीच त्यांचं कंपल्शन होऊन बसेन.

घरी रोज तीच पायरी करायची, दिवसातून एक-दोनदा, कंटाळा येईपर्यंत. मग वरची. साधारण बारा ते वीस सेशन धरून चाला, जुनं, तीव्र असेल तर जास्त.

डोक्यातल्या डोक्यात चालणाऱ्या ओसीडीला पण हेच लागू. पावशीवाली बाई आधी "पावशी" हा शब्द लिहिते, मग पावशी समोर ठेवून भाजी चिरते, मग लेकरू पाळण्यात असताना चिरते, अन् मनात "देवा माफ कर" म्हणणं सोडते. पारायणवाल्या काकांसोबत मी त्यांच्या श्रद्धेला हात लावत नाही. त्यांच्याच भरवशाच्या कीर्तनकार महाराजांना विचारायला सांगते की साधा माणूस पारायण कसं करतो, मधे वाईट विचार आला तर काय करतो. उत्तर बहुतेक एकच येते, पुढं वाचतो. मग तेच करायचं, विचार येऊ द्यायचा अन् पुढं वाचायचं. शेगावला पायी जाणाऱ्या माणसाला देवापासून तोडून बरं करता येत नाही अन् करायची गरजपण नाही.

एक अट मात्र पक्की: कोणतीही पायरी तुमच्या होकाराशिवाय नाही. जबरदस्तीनं चिखलात हात घालायला लावणं म्हणजे ईआरपी नाही, तो छळ आहे.

पायरी ६: घरच्यांची शिकवणी

खेड्यात एकटा पेशंट नसतोच, सगळं घर त्यात ओढलेलं असते. सासू दोन गुंड पाणी जास्त आणून ठेवते, नवरा रोज रात्री दहादा सांगतो "हो लागली कडी, झोप", पोरगं चप्पल तीनदा धुऊन आत येते. हे सगळे प्रेमानं करतात, पण त्यानं ओसीडीलाच चारा जातो. दुसऱ्या टोकाला चिडणारे असतात, "नाटकं करते", "पाणी का तुया बापाचं हाय". दोन्हीनं वाढते.

म्हणून मी एक भेट घरच्यांसोबत घेते अन् पेशंटसमोरच ठरवते. एकदम सगळं बंद करायचं नाही. या आठवड्यात कडीबद्दल एकदाच उत्तर, पुढच्या आठवड्यात तेही नाही. त्याऐवजी काय म्हणायचं ते पण ठरवून देते: "आपलं ठरलं होतं न, मी उत्तर नाही देत. पण मी इथंच बसतो तुयाजवळ." एवढं एक वाक्य आवाज न चढवता म्हणणारा नवरा माझ्या दहा सेशनच्या बरोबरीचं काम करतो.

पायरी ७: नुसती अँग्झायटी असेल तर

पद्धतीचा गाभा तोच, टाळणं कमी करणं. पॅनिकवाल्याला मी दवाखान्यातच जागेवर पळायला लावते, गोल फिरवते, स्ट्रॉनं श्वास घ्यायला लावते, म्हणजे धडधड, चक्कर, दम हे सगळं मुद्दाम आणायचं अन् पाहायचं की माणूस मरत नाही. हृदयाचा त्रास, दमा, फिट, गर्भारपण असेल तर हे डॉक्टरला विचारूनच. मग आधारासाठी धरलेल्या गोष्टी सोडायच्या: एसटीत दाराजवळचीच सीट, खिशात गोळी, सोबत कोणीतरी पाहिजेच. एक फेरी खिडकीजवळ, एक फेरी मधल्या सीटवर, मग एकट्यानं बाजाराला.

सतत चिंतेत असणाऱ्यांना चिंतेची वेळ ठरवून देते, संध्याकाळी वीस मिनिटं, बाकी वेळी आली की वहीत टाकायची. ज्याच्यावर काही करता येते, जसं बँकेत जाऊन कर्जाचं विचारणं, पीकविम्याचा कागद भरणं, ते चिंतेतून काढून कामाच्या यादीत घालायचं. कर्ज खरं आहे, पाऊस खरंच गेला आहे, हे नाकारून मी थेरपी करत नाही, अन् कोणी करत असेल तर मला ते पटत नाही.

पायरी ८: गोळ्या

गोळी घेणं म्हणजे थेरपीत नापास झालं असं मुळीच नाही, तीव्र ओसीडीत दोन्ही मिळून करणं बरेचदा चांगलं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्हॉक्सामिन, एस्सिटालोप्राम ही नावं चिठ्ठीवर दिसतील, कधी क्लोमिप्रामिन. ओसीडीला डोस बरेचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो अन् नीट असर दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते. लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात अन् म्हणतात गोळ्या लागू नाही पडल्या. सोडू नका, डॉक्टरला फोन करा. बरं वाटल्यावर पण डॉक्टर बहुतेक वर्षभर किंवा जास्त चालू ठेवतात अन् मग हळूहळू कमी करतात.

ज्या गोळीची मला खरी काळजी वाटते ती वेगळी आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, मेडिकलवरून "झोपेची गोळी द्या" म्हणून आणलेली, वर्षानुवर्षं. हिची सवय लागते. पण घेत असाल तर वाचून आज एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरला खरं सांगून हळूहळू कमी करा. दारूसोबत तर अजिबात नाही.

पायरी ९: अंतर, हंगाम अन् फोनवरची थेरपी

माझा अनुभव आहे की पेशंट थेरपीला कंटाळून कमी सुटतात, पेरणी अन् वेचणीत जास्त सुटतात. मजुरी बुडते, तिकीट लागते, कोणाला दोष देऊ. म्हणून पहिल्याच भेटीत थेरपिस्टसोबत कॅलेंडर ठरवा: जून-जुलैत अन् कापूस वेचणीत फोनवर वीस मिनिटं, बाकी दिवसांत प्रत्यक्ष. व्हिडिओ कॉलचा एक फायदा आहे जो शहरातल्या दवाखान्यात मिळत नाही, भीती असते ती घरातल्याच न्हाणीत, कडीत, देवघरात, अन् कॉलवर आपण तिथंच उभं राहून पायरी करू शकतो. घरात बोलता येत नसेल तर धुऱ्यावर, झाडाखाली जाऊन बोला, सासू-नणंदेच्या कानावर पडते म्हणून अर्धं लपवलेलं सेशन उपयोगाचं नसते. रेंज नसेल तर साधा कॉल पण चालते.

पायरी १०: बरं वाटायला लागल्यावर

शेवटच्या दोन-तीन भेटी मी महिन्याच्या अंतरानं ठेवते अन् एक कागद बनवून देते, त्यावर तुमची शिडी, कामी आलेल्या गोष्टी, अन् परत सुरू होतंय याच्या खुणा, जसं आंघोळीला पुन्हा अर्ध्या तासाच्या वर वेळ लागणं, घरच्यांना पुन्हा विचारायला लागणं. घरात मरण झालं, बाळंतपण आलं, पीक गेलं, अशा वेळी ओसीडी डोकं वर काढू शकते. तेव्हा पहिल्या आठवड्यातच कागद काढा, तीन-चार मार्कांच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा, घरच्यांना जुनं ठरलेलं वाक्य आठवून द्या. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर थेरपिस्टला फोन करा, अन् गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून वाढवू-कमी करू नका. दुसऱ्या खेपेला बहुतेकांना कमी भेटी लागतात कारण रस्ता माहीत झालेला असतो. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये पण ठेवा, अन् घरातल्या एका माणसाकडे पण एक प्रत द्या.